कडी कुठल्या बाजूला

कुशनं ठेवायची कपाटं बनवते, असं मी सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, त्याला वेगळं कपाट कशाला लागतं? लागतं. बडोद्यात व्हरांड्यात, गच्चीवर, बागेत वेताच्या खुर्च्या आणि झोपाळे ठेवायची हौस दांडगी. ऊन उतरलं की घरातली सगळी माणसं झोपाळ्यावर. पण त्यावरच्या गाद्या, लोड, उशा बाहेरच राहिल्या तर उन्हाने विटतात, पावसात भिजतात, कबुतरं त्यांच्यावर संसार मांडतात, आणि एवढ्यातून जे वाचेल ते माकडं फाडतात. रोज घरात न्या, रोज बाहेर आणा, हे आठ दिवस चालतं. मग कोणीतरी माझं नाव सांगतं.

मी मूळची शिवणकाम करणारी. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत मशीन टाकून कुशनांची कव्हरं शिवायचे. दर पावसाळ्यानंतर गिऱ्हाईकं काळे ठिपके पडलेली, कुबट वासाची कुशनं आणून माझ्यापुढे आपटायची आणि म्हणायची, "सुधाबेन, तुमचं कापडच खराब." माझा विश्वास बसेना. एकदा हट्टाने एकीच्या घरी गेले. तिने पत्र्याच्या पेटीत ती कुशनं दाबून दाबून भरली होती, वर पेटीला कुलूप. आत कुशनं लोणच्यासारखी मुरत होती. दोष कापडाचा नव्हता, पेटीचा होता. तेव्हा पाणीगेटला भीखाभाई मिस्त्रींच्या कारखान्यात गेले आणि त्यांना सांगितलं की मला एक असं कपाट हवंय की ज्याच्यात पाऊस जाणार नाही, पण वारा जाईल. त्यांनी रंधा खाली ठेवला आणि म्हणाले, "बेन, हे तुम्ही देवाला सांगायला पाहिजे." पण केलं त्यांनी. तेव्हापासून आम्ही दोघं मिळून हे काम करतोय.

काम सांगायला सोपं आहे. कुशन आडवं रचायचं नाही, उभं ठेवायचं, आणि दोन कुशनांमध्ये हाताचा पंजा सहज जाईल एवढी जागा सोडायची. तळाला सलग फळी नाही, पट्ट्या. दारालाही तिरक्या पट्ट्या, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं आणि हवा आत येते. आलेली हवा बाहेर पडायला मागच्या बाजूला वर फट ठेवायची, हे पुष्कळ मिस्त्री विसरतात. छप्पर मागे उतरतं. लाकूड जुना साग, पाडलेल्या घरांच्या तुळयांमधून निवडलेला. स्क्रू पितळी, कारण लोखंडी स्क्रू गंजतो आणि त्याचा डाग कुशनावर उतरतो.

मात्र या धंद्यात राहायचं तर स्वभाव संशयी हवा. नसला तर होतो. फोनवर सांगितलेल्या मापावर मी विश्वास ठेवत नाही, स्वतः जाऊन मोजते. लोक कुशनं मोजून सांगतात आणि त्यांना त्यात ठेवायचं असतं भलतंच. आमच्या राज्यात दारूबंदी आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. त्यामुळे "तळाला एक खाना ठेवा, वरून दिसणार नाही असा," ही मागणी आम्हाला नवी नाही. अशी मागणी आली की भीखाभाई गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "बेन, यांची कुशनं फार तहानलेली दिसतात." एका अतिशय सोज्ज्वळ निवृत्त गृहस्थांनी असा खाना करवून घेतला, आणि काम संपताना त्यांच्या बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, तो उघडतो कसा. मी सांगितलं नाही. पण ती मला जे विचारत होती ते तिला आधीच माहीत होतं, असा मला आजही संशय आहे.

अशा सवयीमुळे मेघनाच्या घरी पाय ठेवला तेव्हाच मला काहीतरी खटकलं.

पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला शहर संपत येतं तिथे नवीन बंगल्यांच्या सोसायट्या झाल्या आहेत. त्यातल्या एकीत तिचं घर. मराठी माणसं, नवरा मकरंद एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करणारा. मेघना चाळिशी उलटलेली, बोलायला मऊ, डोळ्यांखाली काळं. फोनवर म्हणाली होती, झोपाळ्याची गादी आणि दोन लोड ठेवायला कपाट हवंय. भीखाभाईंना घेऊन मी सकाळीच गेले. व्हरांडा लांबलचक. एका टोकाला झोपाळा, दुसऱ्या टोकाला कुशनं ठेवायची मोठी लाकडी पेटी, दुसऱ्या कोणीतरी केलेली. पेटीला झाकण नव्हतं.

झाकण कुठे गेलं म्हणून विचारलं तर म्हणाली, तुटलं. मी वाकून पाहिलं. तुटलेलं झाकण बिजागरीपाशी लाकूड घेऊन जातं, तिथे कपचे निघतात. इथे बिजागऱ्या नीट स्क्रू सोडवून काढलेल्या होत्या. 

मग तिने तिला काय हवं ते सांगितलं. कपाट उंच हवं, उभं. आत खालच्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक फळी, जाड, भरपूर वजन पेलेल अशी. हवा खेळती पाहिजे, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. कडा गोल हव्यात, कुठे काही टोचायला नको. आणि दाराला कडी बाहेरून.

गादी आणि दोन लोड यांचं वजन ते काय. मी विचारलं, फळी एवढी जाड कशाला? ती म्हणाली, असू दे, टिकायला बरी. बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, खिडकीकडे पाहत होती. खिडकीला पडदा होता आणि त्याच्यामागून कोणीतरी खाकरलं. घरात कोण आहे, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, कोणी नाही. दाराजवळ काळ्या चामड्याचे बूट होते, आरशासारखे पॉलिश केलेले, जुन्या पद्धतीचे, लहान मापाचे. भिंतीवरच्या फोटोत मकरंद चांगला धिप्पाड दिसत होता. ते बूट त्याचे नव्हते.

परत येताना रिक्षात भीखाभाईंनी मापांचा कागद पुन्हा एकदा उघडून पाहिला. मग म्हणाले, "बेन, हे माप गादीचं नाही. हे बसलेल्या माणसाचं माप आहे."

मलाही तेच वाटत होतं. घरात एक म्हातारं माणूस आहे आणि ते आहे हे सांगायचं नाही. हवा पाहिजे, टोचायला नको, आणि कडी बाहेरून. काय समजायचं? भीखाभाई म्हणाले, आपण नाही म्हणू. मी म्हटलं, आपण नाही म्हटलं तर दुसरा कोणी करून देईल, आणि त्याच्या कपाटात हवासुद्धा नसेल. ते त्यांना पटलं. पण करायचं काय, हे दोघांनाही सुचेना.

शेवटी पॉलिशचे नमुने दाखवायच्या निमित्ताने मी एका दुपारी न सांगता गेले. फाटक लोटून आत आले आणि जागच्या जागी थांबले. व्हरांड्याच्या टोकाला त्या बिनझाकणाच्या पेटीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. गुडघे पोटाशी घेतलेले, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पायात ते चकचकीत बूट. मला बघून त्यांनी हात वर केला आणि अगदी अधिकाराने, पण सभ्यपणे म्हणाले, "बाई, पुढच्या डब्यात बसा. इथे पॅसेंजरला बसायची परवानगी नाही."

आतून मेघना धावत आली. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती तिथेच पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं.

हे तिचे सासरे, अण्णा. प्रतापनगरहून पादऱ्यावरून जंबुसरला जाणारी छोटी आगगाडी होती, आता ती बंद झाली, तिच्यावर ते गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेपटाकडच्या त्या लहानशा लाकडी खोलीत बसून काढलेली. सासूबाई गेल्यावर त्यांची आठवण विरत गेली. मुलाचं नाव विसरले, पण ड्यूटीची वेळ विसरले नाहीत. दुपार झाली की कपडे करतात, बूट चढवतात आणि आपली खोली शोधत घरभर फिरतात. कधी कपड्यांच्या कपाटात शिरतात, कधी मोरीत. ती जागा सापडेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो, रडकुंडीला येतात. आणि एकदा बसले की शांत, बाहेर बघत राहतात. एके दिवशी ती अंघोळीला गेली असताना ते कुशनांच्या पेटीत शिरले आणि वरून झाकण पडलं. ती बाहेर आली तेव्हा पेटीतून नुसती धडपड ऐकू येत होती. उघडलं तेव्हा त्यांना श्वास घेता येत नव्हता. मकरंदने त्याच दिवशी झाकण काढून टाकलं. पण उघड्या पेटीत त्यांचं मन रमत नव्हतं. गार्डच्या खोलीला दार असतं.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "काय सांगू ताई? सासऱ्यांना बसवायला कपाट करून द्या म्हणून?" सोसायटीत आधीच कुजबूज होती. म्हाताऱ्याला पेटीत घालतात, असं कोणीतरी बोललेलं तिच्या कानावर आलं होतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मनात स्वतःला दोन शब्द सुनावले. तरीही जाता जाता मी विचारलंच, मग कडी बाहेरून कशाला?

"माकडं," ती म्हणाली.

माकडांचा त्रास खरा होता. तरी ते उत्तर मी निम्मंच मानलं. तिला सांगितलं की कपाटाचे दोन भाग करू. वरच्या भागात गादी आणि लोड, त्याला हवी तर कडी. खालचा भाग अण्णांचा, आणि त्याला कडी नाही, बाहेरून नाही आणि आतूनही नाही. हाताने ढकललं की दार उघडलं पाहिजे. हे कबूल असेल तर करते. ती म्हणाली, चालेल.

ते कपाट आमच्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी एक. भीखाभाईंनी त्यासाठी एक तुळई निवडली, तिच्या कडा पटाशीने आणि मग काचपेपरने अशा गोल केल्या की लहान मुलाचा गाल घासला तरी ओरखडा उठू नये. बसायची फळी किंचित मागे उतरती. दाराला तिरक्या पट्ट्या, आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी एक रुंद उघडी फट, बाहेर बघायला. ती फट भीखाभाईंच्या डोक्यातून निघाली. मागच्या भिंतीला फक्त पट्ट्या, म्हणजे गुदमरायचा प्रश्नच नाही.

कपाट बसवलं तेव्हा अण्णा जवळ आले. त्यांनी लाकडावरून तळवा फिरवला, दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं, पुन्हा उघडलं. मग आत बसले आणि फटीतून आमच्याकडे पाहत म्हणाले, "डबा बरोबर आहे." एवढ्या वर्षांत कुठल्या गिऱ्हाईकाच्या शब्दाने भीखाभाईंना इतका आनंद झालेला मी पाहिला नाही. मेघना मागे उभी राहून डोळे पुसत होती. ती मला फार आवडायला लागली होती.

पावसाळा झाला की आम्ही प्रत्येक कपाट एकदा बघून येतो. लाकूड पाणी पिऊन फुगतं, दार घासायला लागतं, कडेवर रंधा मारावा लागतो. त्या फेरीत मेघनाकडेही गेलो. दार खालच्या कोपऱ्यात घासत होतं, नेहमीचंच. भीखाभाई गुडघ्यावर बसले, दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबले. मग चौकटीवरून फिरवला. त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं.

दारावर आणि शेजारच्या चौकटीवर, समोरासमोर, स्क्रूची भोकं होती. मेणात भुसा कालवून भरलेली, वरून पॉलिश फिरवलेलं. काम सफाईचं होतं. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. पण ते मेण आमचं नव्हतं, आणि भोकं कशाची आहेत हे सांगायला मिस्त्री लागत नाही. तिथे कडी होती. बाहेरून. आणि आम्ही येणार म्हणून ती काढून टाकली होती, असं मी तेव्हा समजले. दाराच्या आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाचा हात पोचतो तिथे, पॉलिश उडालं होतं. रोज दार ढकलूनही ते उडेल. पण तेव्हा मला ते बघवेना.

मकरंद घरी होता, दिवसाच्या त्या वेळी तो घरी असेल असं मला वाटलं नव्हतं. खांदे रुंद, दाढी वाढलेली, आवाज जड. मी सरळ विचारलं, इथे कडी कोणी लावली होती? त्याने भोकांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "तुम्ही दार घासतंय ते बघायला आलात ना? ते बघा." मी म्हटलं, आमचं ठरलं होतं की कडी लावायची नाही. तो म्हणाला, अण्णा एकदा फाटकातून निघून गेले होते, पादऱ्याच्या रस्त्याने चालत, ट्रकच्या मधून. लोकांनी आणून सोडलं. घरात एवढं असतं, ते बाहेरून येणाऱ्याला काय कळणार. मेघना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, जमिनीकडे बघत. तिला नवऱ्याची भीती वाटतेय, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस कसा असेल याचा निकाल मी एव्हाना लावून टाकला होता.

मी म्हटलं, हे दार मी इथे ठेवणार नाही. दारच नसलं की कडी लागणार नाही.

मला वाटलं होतं तो भांडेल. तो लगेच म्हणाला, "काढा. घेऊन जा." भीखाभाई स्क्रू सोडवायला लागले. सागाचं दार जड, एकट्याला पेलेना, तेव्हा मकरंदने पुढे येऊन एक बाजू धरली आणि रिक्षापर्यंत नेऊन दिली. जाताना त्याने मला नमस्कारही केला. मला तो उद्धटपणा वाटला.

त्यानंतर मी त्या घरावर नजर ठेवली, असं म्हटलं तरी चालेल. काही ना काही निमित्त काढून, वेळ बदलून, न सांगता जायचे. वरच्या कडीला तेल घालायचंय, पॉलिशचा हात फिरवायचाय. अण्णा कपाटात बसलेले असायचे. दार नसल्याने पहिल्यांदा बेचैन झाले होते म्हणे, मग मेघनाने एक जुना जाड पडदा टांगला आणि ते त्यांनी मान्य केलं. मी दिसले की मला पुढच्या डब्यात जायला सांगायचे. मी त्यांच्या मनगटांकडे, चेहऱ्याकडे चोरून बघायचे, कुठे काही खूण दिसते का. मकरंद असला तर माझ्याशी बोलायचा नाही, पण खुर्ची आणून द्यायचा. त्या खुर्चीवर बसताना मला अवघडल्यासारखं व्हायचं आणि माझा संशय आणखी घट्ट व्हायचा.

थंडीत एकदा गेले तेव्हा मकरंद औषधं आणायला बाहेर गेला होता. मेघनाने चहा केला. मला कप देऊन ती समोर बसली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही मकरंदवर नजर ठेवायला येता, हे मला कळतं."

मी चहावरची साय बाजूला करत राहिले.

"कडी मी लावली होती."

ती माझ्याकडे सरळ बघून बोलत होती, त्यामुळे मला मान खाली घालता येईना. तिने सांगितलं की अण्णा रस्त्यावर सापडले त्यानंतर तिने बाजारातून कडी आणली आणि घरातल्या स्क्रूड्रायव्हरने स्वतः बसवली. पहिल्यांदा अंघोळीपुरती. मग स्वयंपाकापुरती. मग थोडी पाठ टेकायला. अण्णा ओरडत नसत, त्यांना वाटायचं गाडी थांबलीय. ते वाट बघायचे. त्यामुळे तिला वाटत गेलं की यात काही वाईट नाही. एका दुपारी तिला गाढ झोप लागली. मकरंद कामावरून लवकर आला तेव्हा ती झोपलेलीच होती आणि अण्णा आतून दारावर तळहाताने हळूहळू थोपटत होते. किती वेळ ते थोपटत होते, हे तिला माहीत नव्हतं. त्यांचे कपडे ओले झाले होते.

मकरंदने त्यांना बाहेर काढलं, अंघोळ घातली, कपडे बदलले. मग कडी काढून फेकून दिली आणि त्याच दिवशी बसून भोकं बुजवली. तिला तो एक शब्द बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यात पाळी बदलून मागितली, दुपारी घरी राहता यावं म्हणून. आणि मी विचारायला उभी राहिले तेव्हा त्याने सगळं स्वतःवर घेतलं.

मी विचारलं, हे मला का सांगितलंस? तिने कप उचलून ट्रेमध्ये ठेवले. मग म्हणाली, "त्यांनी कडी काढली तरी दार होतंच ना. मला रोज वाटायचं, नुसती खुर्ची लावली तरी पुरेल. तुम्ही दार घेऊन गेलात तेव्हा मी सुटले, ताई. पुन्हा मनात आलं असतं तरी करता आलं नसतं."

तिचा मला राग आला का? आला. रिक्षात बसल्यावर आला, ते थोपटणं मनातून जाईना. पण तिच्यासमोर बसले होते तेव्हा मला फक्त तिचे डोळे दिसत होते. भीखाभाईंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बेन, थकलेलं माणूस काय करेल ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं." आणि रंधा मारायला लागले.

मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, शिवण तेवढं येतं. मकरंदची पाळी कायम दुपारी मोकळी राहणार नव्हती. ज्या दिवशी त्याला दिवसाचं काम असे, त्या दिवशी मी हातशिलाईची कव्हरं पिशवीत घालून त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसायला लागले. मेघना आत जाऊन झोपायची. फाटकाला भीखाभाईंनी वरच्या बाजूला एक खिट्टी बसवून दिली होती, अण्णांच्या हाताला न येणारी. अण्णा पडदा सारून मला पुढच्या डब्यात जायला सांगायचे, मी खुर्ची थोडी पुढे सरकवायचे, त्यांचं समाधान व्हायचं. कधी म्हणायचे, पादरा येईल आता. मी हो म्हणायचे. पहिले काही दिवस मी मेघनावर लक्ष ठेवायलाच जात होते, हे कबूल करायला हवं. कधीपासून ते मागे पडलं आणि नुसती बसायला जायला लागले, ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात अण्णा तापाने गेले. आपल्या पलंगावर, मकरंदचा हात धरून. भेटायला गेले तेव्हा मकरंद मला फाटकापर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, मी तुमच्याबद्दल भलतंच समजून बसले होते. तो म्हणाला, "तसंच समजायला हवं होतं. नाहीतर तुम्ही तिला विचारलं असतं." तेवढंच. आत जाऊन तो आलेल्या लोकांना पाणी द्यायला लागला.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच सोसायटीतून फोन आला. नयनाबेन म्हणून एक बाई, त्यांना गच्चीवरच्या कुशनांसाठी कपाट हवं होतं. मापं घ्यायला गेले. चहा आला, गाठिया आले. मग नयनाबेन खुर्ची जवळ ओढून, आवाज उतरवून म्हणाल्या की त्या मराठी लोकांचं कपाट तुम्हीच केलं होतं ना? ते त्या म्हाताऱ्याला कपाटात कोंडून ठेवायचे, असं सगळे म्हणतात. सूनच ठेवायची म्हणे. तुम्ही केलंत, तुम्हाला तर सगळं माहीत असणार.

भीखाभाईंनी माझ्याकडे पाहिलं. नयनाबेनच्या नजरेत जे होतं ते मी चांगलं ओळखते, आयुष्यभर तेच घेऊन मी लोकांच्या घरात शिरत आले. मी चहाचा कप खाली ठेवला.

"त्या कपाटाला दारच नव्हतं," मी म्हटलं. "आम्ही बसवलंय, आम्हाला विचारा."

 त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसत होतं. मी मापाची टेप उघडली, तिचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, भिंतीला घट्ट धरा.